गळती

नाथाजीने पिंपात खांद्यापर्यंत हात घातला, आतला तळ चाचपला आणि बोटं बाहेर काढून नाकाशी धरली.

"गंज न्हाई का वास न्हाई. आक्का, ह्यातलं पानी देवालाबी चालंल बगा."

कट्ट्यावर गहू निवडत बसलेल्या चंपाबाई हसल्या आणि पुन्हा सुपाकडे वळल्या. त्यांचा मुलगा रामगोंडा मात्र त्या हाताकडेच बघत राहिला. केसाळ, नखांत ग्रीस मुरलेला हात. माणूस लाख गुणाचा, पण मटण खाणारा. आणि हे जैनाचं घर, त्यात चंपाबाई तर दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंबही न घेणाऱ्या. पिंप अजून कोरडंच होतं, तरीही तो हात आत गेलेला पाहून रामगोंडाने तोंड फिरवलं. तो खाकरला आणि उगाचच मोटारीच्या दुसऱ्या बाजूला गेला.

लढाई संपून वर्ष झालं होतं. लष्कराला नकोशा झालेल्या मोटारी पुण्याकडे लिलावात निघत होत्या. उसाने दोन वर्षं चांगला हात दिला म्हणून रामगोंडाने तिथून ही मोटार आणली. मागे उघडा हौदा, रंग मेंदीचा, आणि पुढची चाकंसुद्धा मागच्यांसारखी जोर लावणारी. कृष्णाकाठच्या त्या गावाने तिचं नाव 'मिलट्री' ठेवलं. जो तो विचारायचा, सांगलीला गूळ कधी न्यायचा? पण रामगोंडाच्या मनात गुळाआधी दुसरंच होतं. चंपाबाईंची थोरली बहीण चंदनबाला आटपाडीच्या पलीकडे एका वाडीत दिलेली. तिकडे रेल्वे जात नाही आणि सडकही वाडीच्या अलीकडेच दम सोडते. बहिणीला एकदा डोळे भरून बघायचं, तिथून फलटणला जाऊन मुनिमहाराजांचं दर्शन घ्यायचं, असं चंपाबाई एकदा बोलून गेल्या होत्या. एकदाच. पण आईने एकदा बोललेलं रामगोंडाला पुरत होतं.

वाट जशी, तशी मोटारीची तयारी पाहिजे, हे नाथाजीचं म्हणणं. तो पाटणकडचा. लढाईत आफ्रिकेच्या वाळवंटात लष्कराच्या मोटारी हाकून आलेला, बोलण्यात निम्मी हिंदी, आणि गप्प बसणं म्हणजे काय ते ठाऊक नसलेला. काम करता करता त्याचं तोंडही चालायचं.

"आमचा सार्जंट म्हनायचा, पहले पानी, पीछे पेट्रोल. पेट्रोल सपलं तर मोटार हुबी ऱ्हाती, आण्णा. पानी सपलं तर मानूस आडवा हुतो."

त्याने हौद्यावर बैलगाडीसारख्या बांबूच्या कमानी बांधल्या आणि वर ताडपत्री ताणली. चंपाबाईंसाठी बाज कापून आखूड केली, ती दोरखंडाने हौद्याला अधांतरी टांगली, म्हणजे खड्ड्यातला हिसका दोरखंडाने खावा, म्हातारीच्या कमरेने नव्हे. बाजेखाली पेटी केली, तिच्यात जॅक, ट्यूबा आणि स्प्रिंगांचे जादा पाटे. वाळूत चाक रुतलं तर खाली सरकवायला लांब पत्रे घेतले, त्यांना भोकं पाडली आणि दोन्ही अंगांना अडकवले. गावातली माणसं बघायला येऊन बसत. कुणी म्हणे मोटार आहे का रुखवत. नाथाजी कुणाचं मनावर घेत नसे.

पिंपावर मात्र त्याचा विशेष जीव. जस्ती पत्रा त्याने स्वतः मिरजेहून आणला, सांधे स्वतः डाक लावून जोडले, आणि हौद्याच्या फळ्या कापून ते असं बसवलं की तळ आणि पितळी तोटी मोटारीखाली उघडी राहावी. तोंडाला तारेचं एक कडं केलं आणि रामगोंडाला बोलावून दाखवलं.

"तुमी पानी गाळून पिता न्हवं? हितं फडकं अडकवायचं. वतता वतता गाळून निघंल."

मग त्याने पिंप काठोकाठ भरलं, खाली राख पसरली आणि सकाळी सगळ्यांना बोलावलं. राख जशीच्या तशी कोरडी होती. त्या दिवशी नाथाजीला मिळालेला चहा त्याने नेहमीसारखा कान तुटलेल्या कपातून प्यायला, कप विसळला आणि गोठ्याच्या कोनाड्यात परत ठेवला. त्याचा कप घरात जात नसे. हे चालत आलेलं होतं, त्यात कुणी काही बोलावं असं कुणालाच वाटलं नव्हतं.

चैत्र सरता सरता ते निघाले. नाथाजी चाकावर, शेजारी रामगोंडा, मागे बाजेवर चंपाबाई. आपली तांब्याची कळशी त्यांनी मांडीशी धरली होती. विट्यापर्यंत मोटार सरळ गेली, पुढे सडकेने पाय ओढायला सुरुवात केली, आणि दिवस मावळायच्या आत ते वाडीत पोचले. चंदनबालाबाईंना दिसत नव्हतं. त्यांनी बहिणीचं तोंड हातांनी चाचपलं, आणि दोघी म्हाताऱ्या बराच वेळ एकमेकींचे हात धरून ओसरीवर नुसत्या बसून राहिल्या. रामगोंडाला वाटलं, मोटार घेतल्याचं सार्थक झालं.

वाडीबाहेर धनगरांचा मेंढरांसकट वाडा बसला होता. लष्करातला माणूस आलाय म्हटल्यावर त्यांनी नाथाजीला जेवायला ओढून नेलं. तिथे बकरं पडलं होतं. तो परतला तेव्हा काडीने दात कोरत, खुशीत होता. आल्याआल्या त्याने कड्याला फडकं लावलं, विहिरीवरून पोहरा पोहरा पाणी आणून पिंप भरलं, आणि भरलं की नाही ते बघायला मनगटापर्यंत हात बुडवला.

रामगोंडाने ओसरीवरून ते पाहिलं.

पाणी गाळलेलं होतं. त्याबद्दल बोलायला जागा नव्हती. तरी त्याला वाटलं, हे पाणी आईच्या पोटात कसं जाऊ द्यायचं? महाराजांच्या दर्शनाला निघालेली बाई. सांगायचं म्हटलं तर नाथाजीला कोणत्या तोंडाने सांगायचं? ज्याने कडं आपणहून केलं, त्याला म्हणायचं की तुझा हात नको? रात्री रामगोंडाने कूस बदलली, पुन्हा बदलली, आणि शेवटी गुपचूप करायचं ठरवलं. कुणाचं मन मोडायला नको आणि पाणीही बाटायला नको.

उजाडताना नाथाजी तोंडात कडुनिंबाची काडी धरून ओढ्याकडे गेला. रामगोंडा उठला, मोटारीखाली वाकला आणि त्याने तोटी सोडली. आवाज होऊ नये म्हणून धारेखाली आपलं उपरणं धरलं. पाणी उपरण्यातून झिरपून मातीत जात होतं. वाडीतल्या बाया ज्या विहिरीतून तळाचं पाणी खरवडून काढत, तिचं पाणी. तो धारेकडे बघत नव्हता, ओढ्याच्या वाटेकडे बघत होता. आपल्याच मोटारीपाशी आपण चोरासारखे का बसलोय, हा विचार त्याच्या मनात आला, पण त्याने तो झटकला. पिंप रिकामं झालं की आपल्या हाताने भरायचं, बस.

पिंप रिकामं झालं आणि नाथाजी आला.

"चला आण्णा, निघू. ऊन तापायच्या आत माळ वलांडू. आक्कांचं जेवान दीस हाय तवर व्हाया पायजे."

रामगोंडा ओल्या मातीवर पाय रोवून उभा राहिला. आता पिंप भरू या म्हणावं, तर काल काठोकाठ भरलेलं पिंप पुन्हा कशाला भरायचं? चंपाबाई बहिणीच्या गळ्यात पडून निरोप घेत होत्या. नाथाजीने इंजिन चालू केलं. पुढच्या गावात काहीतरी निमित्त काढून भरू, असं मनाशी म्हणत रामगोंडा त्याच्या शेजारी चढून बसला. पिळलेलं उपरणं त्याने बुडाखाली घेतलं.

पुढचं गाव यायच्या आत वाट फुटली. सडक गावागावाला वळसा घालून दहिवडीकडे जात होती. दुसरी वाट नुसती चाकोरी, सरळ माळावर चढणारी. नाथाजीने मोटार चाकोरीकडे वळवली.

"सडकंनंच जाऊ की," रामगोंडा म्हणाला.

"सडकंनं गेलो तर दीस मावळंल. आक्का उपाशी झोपतील."

"तरीबी..."

"आवं, पिंपभर पानी हाय संगं. भ्या कशाचं?"

बोलायची वेळ ती होती. ती त्याच्या डोळ्यांदेखत मागे गेली, फुटलेल्या वाटेसारखी, आणि तो पुढे बघत राहिला.

माळ म्हणजे नुसते दगड आणि कुसळं. एक कोरडा ओढा लागला, त्यात चाकं रुतली. नाथाजी उतरला, पत्रे सोडले, चाकांखाली सरकवले आणि गाणं म्हणत मोटार बाहेर काढली. चंपाबाईंनी मागून शाबासकी दिली. त्यापुढे चढ लागला. पुढची चाकंही जोर लावत होती, इंजिन रडत होतं, ऊन वर येत होतं. चढाच्या मध्यावर पुढच्या झाकणातून वाफ उसळली आणि मोटार थांबली. दोघे खाली उतरले.

नाथाजी घाबरला नाही. त्याने गोणपाट घेतलं, रेडिएटरचं टोपण सावकाश सैल केलं, वाफ जाऊ दिली.

"तानलीया बिचारी. पानी पाजतो." असं म्हणून तो डबा घेऊन पिंपाकडे गेला.

तोटी फिरल्याचा आवाज आला. रामगोंडाने डोळे मिटले. मग डब्यात दोन थेंब पडल्याचा, आणि मग पिंपावर बोटं वाजवल्याचा आवाज. पिंप पोकळ वाजलं.

नाथाजी त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने काही विचारलंसुद्धा नाही, आणि तरी रामगोंडा बोलून गेला.

"गळलं असंल कुठंतरी."

नाथाजी परत गेला. त्याने पिंपाच्या तळावरून, प्रत्येक सांध्यावरून हात फिरवला. तळाला कालची धूळ होती, कोरडी, एकही ओघळ नसलेली. त्याने तो हात बराच वेळ बघितला. मग वळून रामगोंडाकडे बघितलं. रामगोंडाची मान खाली गेली, आणि त्याच्या नजरेसमोर आपल्याच बसण्याच्या जागेवरचं चुरगळलेलं, अजून अर्धवट ओलं उपरणं आलं.

"असंल," नाथाजी म्हणाला.

त्याने पेट्रोलचा मोकळा डबा खांद्यावर घेतला आणि दूर पठारावर मेंढरं दिसत होती त्या दिशेने चालू लागला. रामगोंडाने त्याला इतका वेळ गप्प कधी पाहिलं नव्हतं.

ताडपत्रीच्या सावलीत चंपाबाई कळशी मांडीशी धरून बसल्या होत्या. त्यांनी फुलपात्रात थोडं पाणी ओतलं आणि मुलापुढे धरलं.

"घे. तोंड सुकलंय तुजं."

"नगं आक्का. तुला लागंल."

"मला एवढं रग्गड हाय. पिंपातलं तुमा दोघांचं हुतं. ते कुठं गेलं रं?"

आईपुढे खोटं बोलणं रामगोंडाला जमत नव्हतं. त्याने सांगितलं. नाथाजीचा हात, धनगरांचं जेवण, पहाटेची तोटी, सगळं. सांगताना त्याला वाटत होतं की आई समजून घेईल, केलं ते तिच्यासाठीच होतं.

चंपाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"माझ्यासाठी?" त्या म्हणाल्या. "मी सांगितलं हुतं व्हय तुला?"

"सांगाया कशाला पायजे? तुजं व्रत..."

"माजं व्रत माज्या कळशीत हाय. घरनं निघाल्यापास्नं मी आपल्या हातानं काढून आपल्या हातानं गाळतीया. पिंपातलं पानी मी घेनारच न्हवते, कुनीबी भरलं असतं तरी. तू भरलं असतंस तरी." त्यांनी फुलपात्र त्याच्या हातात कोंबलं. "मग रामगोंडा, ते वतून कुनासाठी टाकलंस?"

आजवर मनातली सगळी शिवाशिव त्याने आईच्या नावावर ठेवली होती, आणि आईने ती एका वाक्यात त्याच्या पदरात परत टाकली. अंगावरून कुणी कपडे ओढून घ्यावेत तसं त्याला झालं. फुलपात्रातलं पाणी आईच्या व्रताच्या कळशीत परत ओतणंही आता जमण्यासारखं नव्हतं. तो प्यायला आणि त्याला रडू आलं.

"त्याला सांग," चंपाबाई म्हणाल्या. "तो तुला शिव्या दील. दिऊ दे."

ऊन कलायला लागलं तेव्हा दोन माणसं आणि एक तट्टू येताना दिसलं. तट्टावर पाण्याच्या घागरी होत्या. नाथाजीबरोबरचा धनगर वयाने मोठा होता, नाव बिराप्पा. त्याने रामगोंडाची अवस्था बघितली आणि काही न विचारता घागर वाकडी केली. रामगोंडाने ओंजळ धरली आणि घटाघट प्यायला. पाणी कुठलं, कुणी भरलं, गाळलं की नाही, यातलं काहीही त्याला पाणी पोटात जाईपर्यंत सुचलं नाही. सुचलं तेव्हा त्याने ओल्या हातानेच तोंड झाकून घेतलं.

नाथाजीने रेडिएटर भरला. बिराप्पा मोटारीभोवती कौतुकाने हिंडला, पत्रे बघितले, टांगलेली बाज बघितली आणि पिंपापाशी थांबला.

"एवढं थोरलं पिंप संगं आसून पानी कसं वो सपलं?"

रामगोंडा पुढे झाला. त्याने मनाची तयारी केली होती. सांगून टाकायचं, शिव्या खायच्या, पाया पडायची वेळ आली तर पाया पडायचं. एकदा बोलून मोकळं झालं की हे पोटातलं ओझं उतरेल.

"नाथाजी, ते पानी..."

"गळलं," नाथाजी म्हणाला. "तुमीच म्हनला न्हवं?" आणि बिराप्पाकडे वळला. "माज्याच हातचं काम हाय, पावनं. सांदा कच्चा ऱ्हायला."

ज्या सांध्यांसाठी त्याने सगळ्या गावाला राख दाखवली होती, त्यांच्याबद्दल तो परक्या माणसासमोर हे बोलला.

नाथाजीने आपल्या ट्रंकेतून धुण्याच्या साबणाची वडी काढली. पेट्रोलच्या टाकीला चीर गेली की ड्रायव्हर लोक तिच्यात साबण दाबून वेळ मारून नेतात. त्याने तुकडा मोडला, थुंकी लावून तळव्यावर मळला आणि मोटारीखाली सरकला.

"आण्णा, जरा हिकडं या."

रामगोंडा त्याच्याशेजारी धुळीत पाठीवर आडवा झाला. दोघांची तोंडं एका हाताच्या अंतरावर होती. वर पिंपाचा तळ होता, कोरडा, अखंड. नाथाजीने चांगल्या सांध्यावर साबणाचा गोळा चिकटवला आणि अंगठ्याने पसरला.

"हितं बोट दाबून धरा. बसंस्तवर सोडू नगा."

"नाथाजी," रामगोंडा पुटपुटला, "हितं चीर न्हाई."

"मग धराया सोपं हाय."

एवढं बोलून तो सरकत बाहेर गेला. रामगोंडाने बोट दाबून धरलं. त्याला फक्त पाय दिसत होते. तट्टाचे, बिराप्पाचे, आणि नाथाजीचे भेगाळलेले, माळावरून इतक्या लांब चालून आलेले. ते पाय हौद्यापाशी आले आणि थांबले.

"आक्का," वरून नाथाजीचा आवाज आला. "घागर मी उचलून देतो. वतायचं तेवढं तुमी वता. माजा हात नगं आत."

रामगोंडाच्या लक्षात आलं. याला सगळं कळलं होतं. नुसतं पाणी ओतून दिल्याचं नव्हे, का ओतून दिलं तेही.

"तूच वत बाबा," चंपाबाई म्हणाल्या. "तुजं पिंप हाय."

मग पत्र्यावर पाणी आदळलं, आधी तडतडत, मग जड होत. एक घागर. दुसरी.

"गळतंय का, आण्णा?" नाथाजीने सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं.

"न्हाई."

"मग धरून ऱ्हावा."

रामगोंडा धरून राहिला. डोळ्यांतलं पाणी कानांवरून धुळीत उतरत होतं, ते पुसायला त्याने दुसरा हातही उचलला नाही. पत्र्यापलीकडे पाणी चढत होतं, आणि त्याचा गारवा आता त्याच्या बोटाला लागायला लागला होता.